दलेंदाची लोकर

जंगलात औषध मारूच नका, असं आमच्यातली एकही बाई कधी म्हणाली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कॅफेत आणि कचेरीत आमच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात हेही होतं, की बायका अडाणी, त्यांना काय, जंगल मेलं तरी चालेल. त्या जंगलातून आम्ही रोज मोळी आणतो, गायीचा चारा आणतो, पोरांच्या खोकल्याचा पाला आणतो. आणि जंगल मेलेलं आम्हालाच चालेल म्हणे. कॅफेतल्या खुर्चीवरून ज्यांना जंगल नुसतं दिसतं त्यांना मात्र त्याचा फार कळवळा.

त्या वर्षी अळी आली होती हे खरंच. आमच्या ऐन खरूब गावाच्या डोंगरावर सगळी बुचाची झाडं. बुचाचं झाड बारा महिने हिरवं, ते उघडं बघायची डोळ्यांना सवय नसते. मे महिन्यात अख्खा उतार उघडा पडला, तेव्हा आजोबांना अंघोळीला बसलेलं चुकून बघितल्यासारखं वाटायचं आणि मान आपोआप दुसरीकडे वळायची. झाडाखाली उभं राहिलं की बारीक सर आल्यासारखा आवाज यायचा. ती सर नव्हती, अळ्यांची लेंडी पडत होती. केसाळ अळ्या, पाठीवर निळे-लाल ठिपके, उंबऱ्यावरून घरात यायच्या. कुसकुस वाफवायला ठेवावं आणि झाकण उचलायला जावं, तर झाकणावर एक बसलेली. पोरांच्या मानेला, हाताला पुरळ. शिवाय बाटल्यांची बुचं होतात त्या सालीवरच गाव जगतं; अळीनं पानं खाल्ली की झाड ती साल सोडत नाही, आणि साल निघाली नाही तर उन्हाळ्यात पुरुषांना काम नाही. म्हणून औषध यायला हवं होतं. माझंही तेच म्हणणं होतं.

खमीसा माझी शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी एकच, दलेंदा. चार मेंढ्यांवर आणि दुसऱ्यांच्या शेतात खुरपून तिनं मुलगी वाढवली. दलेंदाचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून खमीसा दरवर्षी कातरणीतली थोडी लोकर बाजूला टाकायची. विकायची नाही, अडीअडचणीलाही नाही. आमच्याकडे मुलगी सासरी जाते ती आईच्या घरच्या लोकरीची गादी घेऊन. सासू सगळ्यांदेखत गादीची शिवण जरा सोडवते आणि हात कोपरापर्यंत आत खुपसते. हाताला भरगच्च लोकर लागली तर मुलीला माहेर आहे. पोकळी लागली तर जन्मभर ऐकून घ्यायचं. दलेंदाचं लग्न साल काढण्याचा हंगाम संपला की, म्हणजे ऑगस्टात, शेजारच्या खोऱ्यात ठरलं होतं. बाप नसलेल्या मुलीची गादी जरा जास्तच दाबून बघतात, हे खमीसाला माहीत होतं. म्हणून ती लोकर म्हणजे तिचं सगळं काही होतं.

लग्नाची लोकर आम्ही सगळ्याजणी मिळून ओढ्यावर धुतो. तो दिवस बायकांचा. पाणी गार, ओली लोकर जड, म्हणून झगे मांडीपर्यंत खोचायचे, डोक्यावरचे रुमाल झुडपांवर टाकायचे, लोकर पायांनी तुडवायची, धोपटण्यानं झोडायची आणि गळ्यात येईल ते गायचं. त्यातली काही गाणी पुरुषांनी ऐकण्यासारखी नसतात, कारण ती त्यांच्याबद्दलच असतात. त्या दिवशी कुठलाही पुरुष ओढ्याच्या वाटेला फिरकत नाही. अगदीच गरज पडली तर वरच्या वळणावर थांबून खोकतो, म्हणजे कुणीतरी खोचलेला झगा खाली सोडून वर जाऊन विचारतं.

आम्ही गुरुवार धरला होता. गाढवांवर पोती लादली, भाजलेल्या पिठाचा तेलात कालवलेला ब्सीसा घेतला, चहाची किटली घेतली. दलेंदा सगळ्यात खोल डोहात उभी होती, कमरेपर्यंत. नवरीनं स्वतः पहिली लोकर बुडवायची असते. लल्ला तुर्किया, गावातली सगळ्यात म्हातारी आणि तोंडाची सगळ्यात फाटकी, दगडावर बसून हुकूम सोडत होती.

ऊन जरा वर आलं तेव्हा वळणावरून खोकला ऐकू आला. आमचं नेमकं सासऱ्याचं गाणं चाललं होतं. एकदोघींनी झगे खाली ओढले. तुर्कियानं वर न बघताच हाक दिली, "कोण रे बाबा? छातीचा दवाखाना खाली बाजारात आहे." आम्ही हसलो. पुन्हा खोकला आला, या वेळी जरा जोरात. आम्ही आणखी हसलो. मग गोट्यांवरून पावलं परत गेल्याचं ऐकू आलं. कुणीतरी गाढव शोधत आला असेल म्हणून आम्ही गाणं पुढे उचललं.

थोड्या वेळानं वरच्या जंगलवाटेवर ट्रकचा आवाज आला. ट्रकच्या पाठीवर पाण्याची टाकी, टाकीवर तोफेसारखं तोंड केलेलं एक जाडजूड नळकांडं, आणि दोन माणसं. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे पोशाख, हातात मोजे, तोंडावर डुकराच्या मुस्कटासारखं काहीतरी. त्यातल्या एकानं आमच्याकडे बघून हात हलवला. जोरजोरात, दोन्ही हात.

आम्हीही हलवले.

तुर्किया म्हणाली, "बघा गं, वऱ्हाडी आले. कफन घालूनच आलेत बिचारे." आणि आम्ही त्यावरही हसलो. ते हसणं आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं.

नळकांडं गुरगुरलं आणि झाडांच्या शेंड्यांवर दुधी धूर उडाला. वारा वरून खाली येत होता. झुडपांवरचे आमचे रुमाल फडफडत होते, म्हणजे ज्याला डोळे आहेत त्याला वारा दिसत होता. धूर शेंड्यांवर थांबला नाही. वाऱ्यावर बसून उतार उतरला आणि आमच्या अंगावर, लोकरीवर, ब्सीशाच्या परातीवर येऊन बसला. पहिल्यांदा गोडसर, रॉकेलसारखा वास आला. मग ओठ बधिर झाले, गालांवर सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. डोळे धुवावेत म्हणून आम्ही ओढ्याचंच पाणी तोंडावर मारलं. आणि तेवढ्यात वरून, पुलाकडून, पाणी दुधाळ होऊन आलं. ते साबणाचं नव्हतं, साबण आम्ही संपवला होता. ट्रकवाल्यांनी टाकीतलं उरलंसुरलं पुलावरून ओढ्यात सोडलं होतं आणि टाकी खळखळून घेतली होती.

खेकडे दगडांखालून बाहेर आले आणि उताणे पडले. बोटभर मासे पांढरं पोट वर करून आमच्या पिंडऱ्यांना लागत खाली वाहत गेले. दलेंदा डोहात वाकलेली होती, ती तशीच ओकायला लागली.

आम्ही तिला ओढून बाहेर काढलं. सगळ्याच ओकत होत्या, पण खमीसा एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं ओली लोकर पोत्यात कोंबत होती. मी म्हटलं, "अगं राहू दे ती, चल." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी दलेंदाला डोहात राहू दे म्हणाले होते.

दवाखान्यातली नर्स भली बाई. तिनं आम्हाला आत घ्यायच्या आधी मागच्या अंगणात चादरी टांगल्या, एकेकीला साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत धुतलं आणि अंगावरचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधले. मग विचारलं, औषध कोणतं होतं. आम्हाला कुठून माहीत? तिनं वनखात्याच्या कचेरीत फोन लावला. तिथून सांगितलं, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा फोन वाजत राहिला. नर्स म्हणाली, नावच कळलं नाही तर मी उतारा कशावर देऊ? आम्ही बाकांवर ओळीनं बसलो होतो, ओले केस, दवाखान्याचे ढगळ अंगरखे, आणि आमच्या पोटात काय गेलंय हे त्या अख्ख्या जिल्ह्यात कुणी सांगायला तयार नव्हतं.

शेवटी मुल्दी आला. मुल्दी आमच्या गावचा वनरक्षक, माझ्या आत्याचा मुलगा. त्यानं रस्त्याकडेला टाकलेला एक रिकामा डबा उचलून आणला होता. आमच्याकडे पाठ करून तो दारात उभा राहिला आणि हात मागे करून डबा नर्सकडे दिला. नर्सनं वाचलं, औषधं काढली. मग डब्यावरच्या चित्रांवर बोट ठेवून म्हणाली, "हातमोजा काढलाय, मुखवटा काढलाय, मेलेला मासा काढलाय. वाचता न येणाऱ्यांसाठी काढतात ही चित्रं, सी मुल्दी. वाचता येणाऱ्यांसाठी आता काय काढावं?"  दुपारपर्यंत बाकीच्या उठून बसल्या. दलेंदाचे डोळे मात्र पुढे कित्येक दिवस लाल राहिले.

मी घरी आले तर भर दुपारी शेळ्या गोठ्यात बें बें करत होत्या. अंगणाच्या कडेला बुचाच्या सालीच्या पेट्यांत वसवलेली आमची मधमाश्यांची पोळी आहेत. त्या प्रत्येकाचं तोंड ओल्या चिखलानं नीट लिंपलेलं, वर ओलं फडकं, उन्हानं आत गुदमरू नये म्हणून. माझा नवरा हफनावी सावलीत बसून मटार सोलत होता. तो मटार कधी सोलत नाही.

मी विचारलं, "शेळ्या का कोंडल्यात?"

"आज फवारणार होते ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मुल्दीनं. बाजाराच्या दिवशी, कॅफेत. शेळ्या सोडू नका, पोळ्यांची तोंडं बंद करा, ओढ्याचं पाणी जनावरांना पाजू नका."

"आणि बायकांचं काय म्हणाला?"

हफनावी प्रामाणिक माणूस आहे. त्यानं खरोखर आठवून बघितलं. म्हणाला, "बायकांचं काही बोलला नाही."

"आज ओढ्यावर लोकर आहे, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"लोकर आहे हे ठाऊक होतं. फवारणी आहे हेही ठाऊक होतं." मटारकडे बघतच तो माझं नाव घेऊन म्हणाला, "दोन्ही एका वेळी डोक्यात आलं नाही, बेया."

मी म्हटलं, "मी मधमाशी असते तर तोंडाला चिखल लावून का होईना, घरात तरी ठेवलं असतंत."

गावातल्या प्रत्येक घरी हेच. एकूण एक शेळी आत होती, एकूण एक पोळं बंद होतं. कॅफेत बसलेल्या प्रत्येकानं ऐकलं होतं, आणि नुकसान होऊ नये असं ज्याच्या त्याच्या मालकीचं जे होतं ते आत घेतलं होतं. आम्ही मात्र त्याच सकाळी त्यांच्या डोळ्यांसमोरून पोती लादून गेलो, तेव्हा हात वर करून त्यांनी आम्हाला शुभ बोलून वाटेला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी खमीसा माझ्या दारात आली. लोकर तिनं निवडुंगाच्या कुंपणावर पसरली होती. तिनं रडगाणं गायलं नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. तिचा एकच प्रश्न होता, लोकर चालेल का? नर्सला विचारलं, तिनं हात वर केले, म्हणाली मला माणसांचं कळतं, लोकरीचं नाही. हफनावी म्हणाला, उन्हात टाकली की काय राहतंय. पण हात लावून बघा म्हटलं तर त्यानं हात बगलेत घातले.

म्हणून आम्ही कॅफेत गेलो. खमीसा, मी, तुर्किया, आणि मागून डोळ्यांवर रुमाल धरलेली दलेंदा. आमच्याकडे कॅफेत बाई जात नाही. तसा कायदा नाही कुठे, पण कपड्यांनिशी अंघोळीला जाऊ नये असाही कायदा नाही. आम्ही उंबरा ओलांडला तसा शकुब्ब्याचा डाव थांबला, पत्ते हातातच राहिले. चहावाल्यानं उगाच रेडिओ बंद केला, जशी काही कुणाची मयत आत आली होती.

मुल्दी कोपऱ्यात होता. उठून म्हणाला, बाहेर बोलू. तुर्किया म्हणाली, आत सांगितलंस ना, मग आतच बोलू.

त्यानं टोपी काढली. आवाज अगदी खाली गेला होता. म्हणाला, "मी आलो होतो, खालती. शपथेवर सांगतो. लोकर आठवली तसा सायकल टाकून पळत आलो. वळणापर्यंत आलो. खोकलो."

म्हणजे तो खोकला ह्याचा होता. मी विचारलं, "मग?"

"तुमची गाणी चालली होती. तुम्ही सगळ्या... तशा अवस्थेत. मी पुढे कसा येणार? दोनदा खोकलो. वाटलं, कळलं असेल. तिथून ट्रक अडवायला वर धावलो, तोवर त्यांनी सुरू केलं होतं."

 दोघातिघांनी मान डोलावली, की बरोबर आहे, पुढे कसा जाणार. ती डोलणारी मान बघून माझ्या अंगाचा भडका उडाला. पण तुर्किया माझ्या आधी बोलली.

"माझ्या मांड्या बघून तू आंधळा झाला असतास, मुल्दी, तर एकटाच झाला असतास. आता ह्या पोरीचे डोळे बघ." तिनं दलेंदाचा रुमाल खाली केला.

मी म्हटलं, "पायांची अब्रू राखलीस आमच्या, भाऊ. पायांच्या वर आम्ही कुणीतरी होतो, ते तुला आठवलं नाही. आणि इथे चहा पिताना, शेळ्यांचं सांगितलंस तेव्हा तरी 'घरच्या बायकांना सांगा' एवढं म्हणायला कुठली लाज आडवी आली?"

तो जे म्हणाला त्याचा राग करावा की कीव, मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणाला, सरकारी हिशेबानं आम्ही जंगलात नसतोच. मोळी न्यायला बंदी, पाला न्यायला बंदी. आम्ही दिसलो तर त्यानं पकडायला हवं, आणि तो गेली कित्येक वर्षं पकडत नाही, बघूनही मान फिरवतो. आमच्या चुलीसाठीच फिरवतो. आता बायकांना जंगलात जाऊ नका असं जाहीर सांगितलं तर साहेब विचारणार, म्हणजे एरवी जातात का? दयेपोटी त्यानं आम्हाला नसलेलं करून टाकलं होतं. आणि जे नसतंच त्याच्यावर फवारा पडला तर कुणाचं काय बिघडतं?

खमीसानं हे सगळं ऐकलं आणि पुन्हा तेच विचारलं, "लोकर चालेल का?"

मुल्दी म्हणाला, ते साहेबांना विचारावं लागेल.

मग त्याच्याच चुलतभावाच्या टेम्पोत सगळी पोती चढवली. मुल्दीला पुढे बसवला, हफनावीही न बोलता मागे येऊन बसला, आणि आम्ही बाजारगावच्या कचेरीत गेलो. इंजिनियरसाहेब रऊफ, सगळे मानानं सी रऊफ म्हणत, स्वच्छ, मवाळ माणूस. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, आमच्या त्रासाबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. मग समजावायला लागला. औषध मान्यताप्राप्त आहे. उन्हात त्याचा जोर उतरतो. लोकर दोनतीनदा साबणानं धुवा, वाळवा, काही होत नाही. हळू, गोड आवाजात बोलत होता, पोरांना झोपवताना बोलतात तसं.

खमीसा उठली, पोत्यात दोन्ही हात घालून कवळाभर लोकर काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली, अगदी त्याच्या हाताशी. साहेबाची खुर्ची एकदम मागे भिंतीला जाऊन लागली.

तुर्किया पुटपुटली, "खुर्चीला कळतंय गं सगळं."

खमीसा म्हणाली, "तुम्हाला लेक आहे का, सी रऊफ?"

तो म्हणाला, आहे. लहान आहे.

"ही लोकर तिच्या गादीत भराल का? हो म्हणा. एवढं म्हणा, मी पोती उचलून घरी जाते, पुन्हा तोंड दाखवत नाही."

 पंखा फिरत होता, टेबलावरच्या लोकरीचा एक पुंजका हलला, आणि त्याचे डोळे त्या पुंजक्यावरून हलेनात. मग त्यानं मुल्दीला विचारलं, तेव्हा वारा होता का? मुल्दी म्हणाला, होता, रुमाल उडत होते. टाकी कुठे धुतली? ओढ्यात. साहेबानं चष्मा काढून डोळे चोळले आणि त्याचा आवाज बदलला. गोडवा गेला, माणसाचा आवाज आला.

त्यानं सांगितलं ते मी समजले तसं सांगते. एप्रिलात, अळी तांदळाच्या दाण्याएवढी असते तेव्हा, एक जंतूंची भुकटी मारायची असते. ती अळीच्याच पोटात बाधते, मधमाशीला नाही, माशाला नाही, बाईलाही नाही. वारा नसताना, पहाटे, पाण्यापासून लांब, आणि आधी गावागावात घरोघर सांगून. हे सगळं त्याला पाठ होतं. पण भुकटीचा ठेका वरच्या कचेरीत अडकला. अडकला तो अडकलाच. ठेका सुटला तेव्हा मे उलटत आला होता, अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या, आणि मोठ्या अळीला ती भुकटी लागू पडत नाही. म्हणून ठेकेदारानं हे जहाल औषध आणलं.

मी विचारलं, "मग ह्यानं तरी मेल्या का?"

"काही मेल्या. निम्म्या तोवर कोशात गेल्या होत्या." तो थांबला. "खरं म्हणजे आठपंधरा दिवसांत सगळ्याच गेल्या असत्या. झाडाला नवी पालवी आपोआप येते."

"म्हणजे फवारायची गरजच नव्हती."

"तेव्हा नव्हती."

"मग मारलंत कशाला?"

सी रऊफ टेबलाकडे बघत म्हणाला, "मारलं नसतं तर विचारलं असतं, का मारलं नाही म्हणून. मारलं, तर कुणी विचारत नाही."

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलंय. दुष्काळात नशीब म्हणून ऐकलं, बाळंतपणात देवाची मर्जी म्हणून ऐकलं. पण हे नवीन होतं. कुणी विचारू नये म्हणून मासे मेले, खेकडे मेले, दलेंदाच्या डोळ्यांत अंगार भरला. हफनावी, जो उभ्या जन्मात कुठल्या साहेबापुढे बोलला नाही, तो दारातून म्हणाला, "आता विचारतोय ना आम्ही." आवाज बारीकच होता, पण बोलला.

साहेब मग खमीसाकडे वळला आणि म्हणाला, लोकर वापरू नका. धुवू नका, त्याचं पाणी पुन्हा कुठेतरी जाणार. जाळूही नका, धूर वाईट. पुरायची तर ओढ्यापासून पुष्कळ लांब, आणि तेही तुम्ही करू नका.

 इतक्या वर्षांची लोकर तिच्यासमोर मेली होती. ती फक्त म्हणाली, "हे आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?" आणि थोड्या वेळानं, "तुमचं विष कुठे ठेवता?"

कचेरीमागे एक दगडी खोली होती, लोखंडी दार, दारावर कवटीचं चित्र. खमीसा म्हणाली, मग हीही तिथेच ठेवा. साहेबाला ते सोयीचं वाटलं, पोती टेबलासमोरून जातील म्हणून. पांढरा पोशाख घातलेल्या एका माणसानं पोती उचलून आत डब्यांशेजारी रचली. दार लावलं, कुलूप घातलं. आम्ही निघणार, तर खमीसा तिथल्या पायरीवर बसली.

म्हणाली, "आत माझ्या मुलीची लोकर आहे. माझी वस्तू आहे. हे दार पुन्हा उघडायचं तर मला निरोप आला पाहिजे. मी नसताना उघडलं तर चोरी झाली असं मी बाजारभर सांगत फिरेन."

साहेब हसला. ती हसत नव्हती. त्यानं मुल्दीकडे बघितलं, हफनावीकडे बघितलं. हफनावी म्हणाला, बरोबर आहे, मालक नसताना कुणाची कोठी उघडत नाहीत. आजूबाजूचे कारकून, शिपाई, ठेकेदाराची दोन माणसं, सगळ्यांनी माना डोलावल्या. चोरी म्हटल्यावर सगळ्यांना कळतं. साहेबानं शब्द दिला. मुल्दीला बजावलं, दार उघडण्याच्या आदल्या दिवशी बाईच्या घरी जायचं. कॅफेत नाही, घरी.

आणि तसंच केलं जातं. अजूनही. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या उतारावर फवारायचं म्हणून दार उघडायचं होतं, तेव्हा मुल्दी खमीसाच्या अंगणात येऊन उभा राहिला, नजर जमिनीत रुतवून, पण शब्द स्पष्ट. खमीसानं खलबत्ता उचलून दगडावर बडवला आणि सगळ्या आळीला सांगितलं. तेव्हाही ती फवारणी कामाचीच नव्हती, हे आम्हाला आता माहीत होतं. आम्ही सगळ्याजणी जाऊन ट्रकपुढे बसलो, आणि ट्रक परत गेला. पुढल्या एप्रिलात ती भुकटी वेळेवर आली. मुल्दी म्हणतो, सुधारणा झाली. मी म्हणते, झाली असेल. पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. आम्हाला अंग आहे, डोळे आहेत, पोटात पोरं असतात, एवढ्यावर कुणी आम्हाला निरोप दिला नाही. आमची पोती आत आहेत म्हणून देतात.

ऑगस्टात दलेंदाचं लग्न झालं. गादी बाजारातून आणली, स्पंजाची. सगळ्यांदेखत सासूनं शिवण उसवली, हात आत घातला, आणि स्पंजानं तो हात परत बाहेर ढकलला.  सासूनं खमीसाकडे बघितलं.

खमीसा उभीच होती, नवी ओढणी डोक्यावर, हात कमरेवर. म्हणाली, "माझ्या लेकीची लोकर सरकारच्या कोठडीत आहे, विहीणबाई. दाबून बघायची असेल तर चला, मी दार उघडून देते. हातमोजे मात्र तुमचे तुम्ही आणा."